नॉमिनी आहे म्हणजे घर त्याचंच?

पत्र

नमस्कार. मी डोंबिवलीत राहते, नोकरी करते. गेल्या वर्षी माझे बाबा गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मागे आई, मोठा दादा आणि मी. ठाण्यातला फ्लॅट बाबांनी नोकरीत असताना स्वतःच्या पगारातून घेतला होता, आई आणि दादा-वहिनी तिथेच राहतात. सोसायटीत बाबांनी नॉमिनी म्हणून दादाचं नाव दिलं होतं. बँकेतल्या एफडीला आणि विम्याला आई नॉमिनी आहे. आता बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाते आहे. दादा म्हणतो, "बाबांनी मलाच नॉमिनी केलं, म्हणजे त्यांची इच्छा स्पष्ट होती. घर माझंच आहे. फक्त फॉर्मॅलिटी म्हणून तू आणि आई हक्कसोडपत्रावर सही करा." सोसायटीचे सेक्रेटरीही म्हणाले की नॉमिनीच्या नावावर घर होतं, त्यात विशेष काही नाही. आई म्हणते, तुम्ही दोघं सांगाल तिथे मी सही करते. मला भांडण नको आहे. बाबांचं शेवटचं आजारपण दादा-वहिनींनीच काढलं, हे मी विसरलेले नाही. माझ्या लग्नात बाबांनी खूप खर्च केला, तोच माझा वाटा असंही घरात बोललं जातं. पण मनाला पटत नाही. नॉमिनी आणि वारस हे एकच का? सही करू की नको?

ता. क. माझ्या पीएफवर लग्नाआधी भरलेलं आईचं नाव अजून तसंच आहे. ते चालेल का?

उत्तर

ताई, हक्कसोडपत्रावर इतक्यात सही करू नका, आणि आईलाही करू देऊ नका. कधीच करू नका असं मी म्हणत नाही. काय सोडतो आहोत हे तुम्हा दोघींना नीट कळेपर्यंत थांबा, एवढंच.

आता त्या कागदाकडेच जरा बघा. दादा म्हणतात, नॉमिनी म्हणून घर त्यांचं झालंच आहे. तसं असेल तर तुमच्याकडे सोडायला हक्क उरलाच कुठे? जो हक्क नाहीच, तो सोडल्याचं पत्र कोणी कशाला मागेल? ते पत्र लागतं आहे, कारण कागदपत्रं तपासणाऱ्या वकिलाला पक्कं ठाऊक असतं की मालक तिघं आहेत आणि तिघांपैकी दोघींनी आपला हक्क सोडल्याशिवाय घर एकट्या दादाच्या नावावर निर्विवाद होत नाही. तुमच्या हक्काचा सगळ्यात मोठा पुरावा ते हक्कसोडपत्रच आहे.

दादा तुम्हाला फसवताहेत असं मात्र लगेच समजू नका. नॉमिनी म्हणजे मालक, ही समजूत महाराष्ट्रात घरोघरी आहे, सुशिक्षित घरांत तर जास्तच. मी बँकेत होते तेव्हा गेलेल्या खातेदारांचे दावे माझ्या टेबलावर यायचे. नॉमिनी म्हणून पैसे घेऊन जाणारा माणूस आणि त्याच्यामागे गप्प उभी असलेली बहीण किंवा म्हातारी आई, हे दृश्य मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे. बँक नियमाप्रमाणे नॉमिनीला पैसे द्यायची आणि तिची जबाबदारी संपायची. पुढे घरात काय झालं ते बँक विचारत नाही, तिने विचारायचंही नसतं. पण बँकेची जबाबदारी संपली म्हणजे वारसांचा हक्क संपला, असं त्या बहिणीला वाटायचं आणि ती घरी जायची.

घोळ शब्दातच आहे. फॉर्म भरून घेणारा एजंट किंवा क्लार्क विचारतो, "तुमच्यानंतर हे कोणाला मिळणार?" आपण एक नाव सांगतो. आपल्या बोलण्यात 'मिळणं' म्हणजे हातात पडणंही आणि मालकीचं होणंही. कायद्यात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नॉमिनी म्हणजे मराठीत नामनिर्देशित, ज्याचं नाव सांगून ठेवलं आहे असा. कशासाठी सांगून ठेवलं? तर संस्थेने पैसे किंवा शेअर कोणाच्या हवाली करायचे ते कळावं म्हणून. लग्नात आहेराची पाकिटं घ्यायला घरातलाच एखादा विश्वासू माणूस वही घेऊन बसवतात. पाकिटं त्याच्या हातात येतात, नोंद तो करतो, पण पैसे नवरा-नवरीचे. नॉमिनी तसा.

वारस मात्र फॉर्म भरून होत नाही. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर वारस कोण आणि वाटा किती, हे कायदा ठरवतो. मृत्युपत्र केलं असेल तर ते बोलतं. तुमच्या पत्रावरून तुम्हाला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो असं धरून चालते. (मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी घरांत वाटे वेगळे असतात.) 1956 च्या या कायद्यात, मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या मालमत्तेवर पहिला हक्क वर्ग एकच्या वारसांचा. मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई हे त्यातले मुख्य, आणि त्यांचे वाटे सारखे. म्हणजे बाबांच्या फ्लॅटमध्ये आई, दादा आणि तुम्ही, प्रत्येकी एक तृतीयांश. बाबांची आई, म्हणजे तुमची आजी, बाबा गेले तेव्हा हयात असेल तर चौघांचे चार वाटे. लग्न झालेली मुलगी आणि न झालेली मुलगी असा भेद या कायद्यात नाही, आणि लग्नात किती खर्च झाला याची वजावटही नाही.

इथे आणखी एक गैरसमज काढून टाकते, कारण कोणीतरी तुम्हाला तो सांगेलच. "मुलींना हक्क 2005 नंतर मिळाला." 2005 ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेबद्दल आहे. तिने मुलीला जन्मापासून मुलासारखंच सहदायाद, म्हणजे त्या मालमत्तेतली जन्मसिद्ध हिस्सेदार केलं, आणि ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या शंकाही मिटवल्या. बाबांनी पगारातून घेतलेला फ्लॅट ही त्यांची स्वकष्टार्जित मालमत्ता. तिच्यात मुलीचा वाटा 1956 पासूनच आहे.

नॉमिनी आणि वारस यांचा झगडा जुना आहे. 1967 मध्ये एक गृहस्थ मृत्युपत्र न करता गेले. दहा-दहा हजारांच्या दोन विमा पॉलिसी होत्या, दोन्हींवर नॉमिनी पत्नी उषा देवी. मागे पत्नी, एक मुलगा आणि गृहस्थांची आई सर्बती देवी. पत्नीचं म्हणणं, मी नॉमिनी, रक्कम माझी. सासू आणि मुलगा कोर्टात गेले. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नॉमिनेशन म्हणजे दुसऱ्या प्रकारचं मृत्युपत्र नव्हे. नॉमिनीच्या हाती रक्कम येते, पण ती वारसांमध्ये वाटायची असते. सासू आणि मुलाला एकेक तृतीयांश मिळाला. इथे नॉमिनी होती ती विधवाच होती आणि तरीही कोर्टाने तिला एकटीला सगळं दिलं नाही, हे लक्षात घ्या. 2010 मध्ये राम चंदर तलवार खटल्यात बँक ठेवींबद्दल सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं.

मध्यंतरी गोंधळ वाढला त्याला एक कारण आपल्याकडचंच आहे. 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी कोकाटे खटल्यात शेअर्सच्या बाबतीत नॉमिनी हाच मालक ठरतो असा निकाल दिला. तो पुष्कळांनी डोक्यात ठेवला. 2016 मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो चुकीचा ठरवला आणि 14 डिसेंबर 2023 रोजी शक्ती येझदानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाच्या बाजूने शिक्कामोर्तब केलं. शेअर्सचा नॉमिनीदेखील पूर्ण मालक होत नाही. दादांच्या ओळखीतलं कोणी जुना निकाल दाखवत असेल तर हे त्यांना सांगा.

आता सोसायटी. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं इथे आहे, कारण सेक्रेटरीकाकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सभासद गेल्यावर सोसायटीला कोणीतरी माणूस समोर लागतो. मेंटेनन्सचं बिल कोणाच्या नावे काढायचं, सभेची नोटीस कोणाला द्यायची, हे अडून राहू नये म्हणून नॉमिनीला सभासद करून घेतात. पण 2019 मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यातलं कलम 154 ब-13 नॉमिनीला तात्पुरता सभासद करायला सांगतं, तोही कधीपर्यंत, तर वारस किंवा मृत्युपत्राने ज्याला मिळालं आहे तो सभासद होईपर्यंत. 'तात्पुरता' हा शब्द कायद्याचा आहे. घर कोणाच्या नावे करायचं हे सोसायटीने कशावरून ठरवायचं, तेही तिथे आहे: मृत्युपत्र, कोर्टाचं वारस किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र, किंवा सगळ्या वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा लेख. 2016 च्या इंद्राणी वाही खटल्याचं नाव सेक्रेटरी कदाचित घेतील. तो खटला पश्चिम बंगालचा. त्यात सर्वोच्च न्यायालयाने सोसायटीला नॉमिनीच्या नावे नोंद करायला सांगितलं, पण घरच्या इतरांना आपला मालकी हक्क मागण्याची वाट मोकळीच ठेवली.

बाबांनी भरलेला तो नॉमिनेशनचा फॉर्म सोसायटीकडून मागवून एकदा डोळ्यांखाली घाला. त्यात काय असतं? नॉमिनीचं नाव, पत्ता, सभासदाशी नातं, वाट्याची टक्केवारी, खाली सभासदाची सही आणि दोन साक्षीदार. "माझ्या पश्चात हे घर मी अमक्याला देतो आणि बाकीच्यांना देत नाही" असं एकही वाक्य त्यात सापडणार नाही. म्हणून 'बाबांची इच्छा स्पष्ट होती' हे म्हणणं मला मान्य नाही. तो फॉर्म भरताना बाबांच्या मनात काय होतं? कदाचित एवढंच, की मुलगा इथेच राहतो, सोसायटीच्या ऑफिसात जा-ये करणं त्याला सोपं. आईचं नाव त्यांनी बँकेत आणि विम्यात दिलं, त्यावरून तर तिची चिंता त्यांना किती होती तेच दिसतं. घर एकट्या मुलाला द्यायचं असतं तर त्यासाठी मृत्युपत्र होतं. त्याला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, स्वतःची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. बाबांनी ते केलं नाही.

हाच नियम तुमच्या सोयीचा नसेल तिथेही लागू आहे, हेही मोकळेपणाने सांगायला हवं. एफडीला आई नॉमिनी आहे. ते पैसे बँक आईला देईल, पण कायद्याने त्यातही दादाचा आणि तुमचा तिसरा-तिसरा हिस्सा आहे. माझं मत विचाराल तर त्या पैशांना तुम्ही दोघांनीही हात लावू नये, ते आईकडेच राहू द्यावेत. विम्याचं मात्र वेगळं आहे. 2015 मध्ये विमा कायद्याचं कलम 39 बदललं. आता स्वतःच्या पॉलिसीवर आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील, तर ती रक्कम त्यांच्याच लाभासाठी असं कलम म्हणतं. त्याचा नेमका अर्थ किती दूर न्यायचा यावर उच्च न्यायालयांचं अजून एकमत नाही, पण तुमच्या घरात यावरून वाद व्हायचं कारण दिसत नाही.

दोन शब्द आणखी आहेत, ज्यांची नॉमिनीशी सतत गल्लत होते. एक 'जॉइंट'. बँकेत आई-बाबांचं जॉइंट खातं 'दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो' अशा सूचनेचं असेल, तर बाबांनंतर बँक आईला व्यवहार करू देते. नॉमिनीचा प्रश्न दोघंही गेल्यावरच येतो. घराच्या बाबतीत बाबांच्या मूळ करारात आईचं नाव खरेदीदार म्हणून आहे का, ते आजच पाहा. असेल तर सगळं गणित बदलतं. तिचा भाग आधीपासूनच तिचा, आणि फक्त बाबांच्या भागाचे तीन वाटे. दुसरा शब्द 'असोसिएट मेंबर', म्हणजे सहयोगी सभासद. करारात नाव नसताना नुसतं सहयोगी सभासद झाल्याने घरात मालकी येत नाही.

गावी जमीन असेल तर तिथे नॉमिनी हा प्रकारच नसतो. वारसनोंद होते आणि फेरफार पडतो. ती नोंद महसुलाची, तिच्यातून कोणाचं नाव गळलं म्हणून त्याचा हक्क जात नाही. पण नाव गळू न देणंच बरं.

आता आईबद्दल. तुमच्या पत्रातली एक ओळ मला सगळ्यात जास्त खुपली: "तुम्ही दोघं सांगाल तिथे मी सही करते." ताई, तुमच्या तृतीयांशापेक्षा मला तिच्या तृतीयांशाची काळजी जास्त वाटते. तुम्हाला नोकरी आहे, घर आहे. आईजवळ त्या फ्लॅटशिवाय डोक्यावर दुसरं छप्पर नाही. आज ती त्या घराची मालकीण आहे. सही केल्यावर ती मुलाच्या घरी राहणारी आई होईल. दादा-वहिनी चांगली माणसं आहेत, तुम्हीच लिहिलं आहे, आणि मी त्यावर विश्वास ठेवते. पण माणसं आजारी पडतात, कर्ज होतं, बदली होते, घर गहाण पडतं, संसार मोडतात. उद्या काही अघटित घडून दादाच राहिला नाही, तर त्या घराचे वारस त्याची बायको, मुलं आणि आई असे सगळे असतील. जे घर आज तिचं आहे त्याच्या वाटणीसाठी तिला सुनेसमोर आणि नातवंडांसमोर उभं राहावं लागेल. म्हाताऱ्या बाईला या वयात ते कशाला हवं?

हक्कसोडपत्राची भाषा शांतपणे वाचा. "राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, कोणताही मोबदला न घेता" असं सुरुवातीला असतं, आणि पुढे "यापुढे सदर मिळकतीवर माझा किंवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क, हितसंबंध राहणार नाही." तुमच्या मुलांचाही हक्क त्या एका सहीत जातो. या पत्राची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करावी लागते, आणि एकदा नोंदणी झाली की मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. फसवणूक झाली किंवा जबरदस्ती झाली हे कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि भावाविरुद्ध ते सिद्ध करायला कोण जातं? याला 'फॉर्मॅलिटी' म्हणणं बरोबर नाही. फॉर्मॅलिटी म्हणजे केली काय, न केली काय, फरक पडत नाही अशी गोष्ट. इथे सगळाच फरक पडतो.

मग करायचं काय? वेळ थोडा आहे, कारण रीडेव्हलपमेंटमध्ये पर्यायी जागेचा करार, भाडं, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) हे सगळं सोसायटीच्या दप्तरी ज्याचं नाव असेल त्याच्या नावे निघतं. तेव्हा आधी सोसायटीला साधं पत्र द्या: आमचे वडील अमुक तारखेला वारले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं, आई, भाऊ आणि मी असे तीन वारस आहोत, आणि तिघांच्या संमतीशिवाय नव्या जागेचा करार एका नावाने करू नये. दोन प्रती न्या, एकीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या. पत्र देण्याआधी दादाला सांगा. त्याला ते सेक्रेटरीकडून कळलं तर तुमचं नातं तिथेच तुटेल.

दादाशी बोलताना कायद्याने सुरुवात करू नका. त्याने केलेल्या सेवेने करा, कारण ती खरी आहे. "दादा, बाबांचं सगळं तू आणि वहिनीने केलंत. मी लांबून फोन करत राहिले. हे मी कधी विसरणार नाही. तू नॉमिनी आहेस हेही मला मान्य आहे. पण नॉमिनी म्हणजे मालक नाही, हे मी नीट समजून घेतलं आहे. घर आपल्या तिघांचं आहे. ते कसं ठेवायचं ते आपण तिघं बसून ठरवू." मग त्याचं ऐका. बाबांच्या आजारपणात त्याने स्वतःच्या खिशातून खर्च केला असेल, फ्लॅटचे उरलेले हप्ते भरले असतील, तर तो हिशेब तो मांडेल आणि तो तुम्ही मनापासून मान्य करावा असं मला वाटतं. सेवेची किंमत कायदा लावत नाही. ती घरच्यांनी लावायची असते.

ठरवता येण्यासारखं पुष्कळ आहे. नव्या फ्लॅटचा करार तिघांच्या नावे होऊ शकतो, राहायचं आई आणि दादाच्या कुटुंबाने, आणि कधी विकलं तर वाटे. किंवा तुम्ही तुमचा वाटा सोडा, पण दादाच्या नव्हे, आईच्या लाभात. मग दोन तृतीयांश घर तिचं होईल, आणि पुढे तिला काय करायचं ते ती मृत्युपत्रात लिहील. ती मृत्युपत्र न करता गेली तर तिचा भाग तुम्हा दोघांना निम्मा-निम्मा. किंवा दादाने तुमचा वाटा पैसे देऊन घ्यावा, हप्त्याने का होईना. यातलं काहीही ठरलं तरी कौटुंबिक व्यवस्थेचा लेख करा, सोसायटीला तो चालतो, आणि आईला हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क आहे हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. आईने कोणाच्याही नावे काही करून द्यायचंच ठरवलं, तर "तिचा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द कागदात असलेच पाहिजेत. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात, अशी अट मोडली तर न्यायाधिकरणाकडे जाऊन ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. अट लिहिलेली नसेल तर ते फार अवघड जातं.

वकील तुमचा वेगळा करा, दादाने आणलेला नको. त्यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही. मुद्रांक शुल्क किती पडेल तेही त्यालाच विचारा, कारण वाटा कोणाच्या लाभात सोडता आणि मोबदला घेता की नाही यावर ते बदलतं. वाद झाला किंवा एखाद्या संस्थेने हट्ट धरला तर दोन प्रमाणपत्रांची नावं ऐकाल. बँक, शेअर्स वगैरे पैशांसाठी 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र, आणि वारस कोण हे ठरवून देणारं वारस प्रमाणपत्र, जे आपल्याकडे अजूनही 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालय देतं. दोन्हीला वेळ आणि पैसा लागतो. तिघं एकमताने बसलात तर बहुधा त्यातलं काही लागणार नाही.

आणि हे सगळं करून, समजून, तुम्हाला मनापासून वाटलं की दादाने खूप केलं आहे, त्याला घराची गरज आहे, मला नको, तर खुशाल द्या. देणं ही मोठी गोष्ट आहे. पण मग ते देणं म्हणून द्या, आणि दादालाही कळू द्या की बहिणीने आपला वाटा दिला. "तो माझा नव्हताच" असं मानून सही केलीत तर तुम्ही दिलं असं कोणीच म्हणणार नाही, पुढे कधी तुम्हाला स्वतःलाही ते आठवून राग येईल. आईच्या बाबतीत मात्र मी हे म्हणणार नाही. तिने या वयात काही सोडू नये.

तुमच्या ता. क. बद्दल. पीएफचं नामनिर्देशन बाकीच्यांपेक्षा कडक आहे. तिथे कुटुंब असेल तर कुटुंबातल्याच माणसाचं नाव द्यावं लागतं आणि कुटुंब कोण हे योजनेतच सांगितलं आहे. लग्नाआधीचं नामनिर्देशन लग्नानंतर नव्याने भरावं लागतं, जुन्यावर विसंबू नका. आता ते ऑनलाइन होतं, आधार जोडलेलं असलं की घरबसल्या. नवऱ्याचं आणि मुलांचं नाव द्या. आई तुमच्यावर अवलंबून असेल तर तिचंही नाव टक्केवारीसह देता येतं. ग्रॅच्युइटीचा फॉर्म ऑफिसात वेगळा असतो, तो बहुतेकांचा राहून जातो, एचआरकडे विचारा. बँकेत 1 नोव्हेंबर 2025 पासून एका ठेवीला चार नॉमिनी देता येतात, एकाच वेळी टक्केवारीने किंवा एकामागून एक. लॉकरला मात्र एकामागून एक असेच. नॉमिनी जरूर ठेवा. नॉमिनी नसला की घरच्यांना हमीपत्रं, जामीनदार, कोर्टाचे कागद यांमागे किती धावावं लागतं ते मी टेबलापलीकडून पाहिलं आहे. फक्त त्याच आठवड्यात एक मृत्युपत्रही करा, आणि दोन्हीकडची नावं एकमेकांशी जुळताहेत ना ते बघा.